इंजिन केलेली गाडी आणि वहीतलं माप

"इंजिन केलेलं आहे, आता बघायलाच नको" असं विकणारा सांगतो, त्याला वाटतं आपण गाडीचा सगळ्यात मोठा प्लस पॉईंट सांगितला, आणि घेणाऱ्याच्या मनात तेव्हाच पहिला प्रश्न येतो की का करावं लागलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. माझी उभी हयात बेळगावच्या उद्यमबागेत बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग, म्हणजे इंजिनाचे झिजलेले भाग घासून मापात आणायचं काम, यातच गेली, त्यामुळे ओळखीतलं कोणी जुनी गाडी बघायला लागलं की फोन मला येतो, आणि अलीकडं त्यात स्पोर्ट्स कारचे फोन यायला लागलेत, कारण बेंगळुरात नोकरीला गेलेल्या आपल्या पोरांच्या हातात पैसा आलाय आणि पंधरा-वीस वर्षं जुनी जर्मन गाडी आता नव्या मोठ्या एसयूव्हीच्या पैशात मिळायला लागलीय. "मामा, रीबिल्ड इंजिन आहे म्हणून तो वर पैसे मागतोय, द्यायचे काय?" हा माझ्या भाच्याचा प्रश्न. उत्तर आधीच सांगून टाकतो. काय केलं, कशामुळं केलं आणि मापं काय आली हे लिहिलेलं असेल तर पैसे दे, नाहीतर चालू इंजिनाची गाडी एवढंच धरून भाव कर. हे ऐकायला रुक्ष वाटतं, खरं यात माझ्या गावाचं एक दुखणं आहे, त्यावर येतोच.

आधी इंजिन केलं म्हणजे काय केलं ते बघूया. हेड उतरवून व्हॉल्व्ह लॅप केले, हेडला फेसिंग मारलं, नवं गॅस्केट टाकून बंद केलं तरी मालक इंजिन केलं असंच सांगतो. रिंगा आणि बेअरिंगा बदलून हाफ इंजिन केलं तरी तेच सांगतो. आणि ब्लॉक रिकामा करून, धुऊन, बोअर म्हणजे सिलिंडरचं भोक मोजून, ओव्हरसाईज पिस्टन किंवा लायनर म्हणजे बोअरच्या आतली नवी बाही घालून, क्रँक ग्राइंड करून, कनेक्टिंग रॉड सरळ आहेत का बघून, ऑईल पंपापासून टायमिंग चेनपर्यंत सगळं नवं बसवलं तरीही तेच सांगतो. पहिल्या आणि शेवटच्या कामाच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक, जाहिरातीत मात्र ओळ एकच.

ट्रॅक्टर, टेम्पो, जीप यात याचा फार त्रास होत नाही. निपाणी-संकेश्वरकडं जुना ट्रॅक्टर घेणाऱ्याला माहीत असतं की इतकी वर्षं चालल्यावर इंजिन करायचंच असतं, केलेलं असलं तर आपला खर्च वाचला, संपला विषय. लोखंडी ब्लॉक, लायनर बदलायची सोय कंपनीनंच दिलेली, पार्ट तालुक्याच्या गावात मिळतो आणि मेस्त्री तेच इंजिन कायम करत असतो. स्पोर्ट्स कारचं तसं नाही. तिथं ब्लॉक ॲल्युमिनियमचा, बऱ्याच गाड्यांत वेगळा लायनर नसतोच, बोअरची भिंतच सिलिकॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियमची किंवा वरून निकेलचा पातळ थर दिलेली, क्लिअरन्स म्हणजे पिस्टन आणि बोअरमधली फट मायक्रॉनात, मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायची आणि ते इंजिन सात हजार आरपीएमला फिरणार. अशी इंजिनं रोज खोलणारा माणूस आपल्या भागात नाही. घेणारा घाबरतो ते उगाच नाही.

आता पैशाचं. समजा एक गाडी धडधाकट इंजिनासकट बाजारात 30 लाखाला जाते आणि तीच गाडी इंजिन गेलेल्या अवस्थेत 14 लाखाला. मालकानं 12 लाख घालून इंजिन केलं. आता तो म्हणतो 30 आणि 12 मिळून 42 होतात, बरं 38 तरी द्या. कोण देणार? 30 लाखात चालणारं इंजिन आधीच धरलेलं आहे. गळकं छप्पर नीट केलं म्हणून भाडेकरू भाडं वाढवून देत नाही, छप्पर गळत नाही हे धरूनच भाडं ठरलेलं असतं, तसंच हे. मालकाचे 12 लाख गेले ते गाडीला 14 वरून 30 कडं ओढायला. ती 30 पर्यंत पोचते की 24-25 वर अडकते हे घेणाऱ्याच्या मनात किती भीती शिल्लक राहिली त्यावर ठरतं, आणि 30 च्या वर जायला वेगळंच कारण लागतं, ते म्हणजे त्या मॉडेलमध्ये कंपनीतूनच आलेला एखादा कच्चा दुवा, जो या गाडीत काढून टाकलाय.

असे कच्चे दुवे गाडीवाल्यांना तोंडपाठ असतात. पोर्शेचं बघा. 1997 ते 2008 पर्यंतच्या बॉक्स्टर, केमन आणि साध्या 911 मध्ये, म्हणजे टर्बो आणि जीटी3 सोडून, इंजिनाच्या आत एक इंटरमिजिएट शाफ्ट आहे, त्याच्या एका टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग. सगळे त्याला आयएमएस म्हणतात. ते बेअरिंग गेलं की टायमिंग जातं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि संपूर्ण इंजिन भंगारात जातं. अमेरिकेत यावरून ग्राहकांनी कोर्टात सामुदायिक दावा लावला आणि 2013 मध्ये तडजोड झाली. 2005 च्या आसपासपर्यंतच्या गाड्यांत गिअरबॉक्स आणि क्लच उतरवून ते बेअरिंग बदलता येतं, त्यानंतर कंपनीनं मोठं आणि जास्त टिकाऊ बेअरिंग घातलं, खरं ते क्रँककेस, म्हणजे इंजिनाची मुख्य पेटी, उकलल्याशिवाय बाहेरच येत नाही. 2009 च्या मॉडेलपासून इंजिन नवीन आलं, त्यात तो शाफ्टच काढून टाकला. त्यामुळे जुन्या बॉक्स्टरमध्ये बेअरिंग बदलल्याचं बिल असेल तर घेणारा ते पहिलं मागतो आणि त्याचे पैसे खुशीनं देतो.

बीएमडब्ल्यूच्या ई46 एम3 मध्ये कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची तक्रार होती, सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्या कंपनीनंच परत बोलावून बेअरिंगा बदलून दिल्या. पुढच्या व्ही8 एम3 मध्येही तोच घोर, म्हणून जाणते मालक काही व्हायच्या आधीच सम्प म्हणजे खालची ऑईलची टाकी उतरवून बेअरिंगा बदलतात आणि काढलेल्या जुन्या बेअरिंगा सिलिंडरचा नंबर टाकून पिशवीत जपून ठेवतात. त्या झिजलेल्या चकत्या बघून घेणाऱ्याला इंजिनाची अख्खी कुंडली वाचता येते. माझदा आरएक्स-8 तर आणखी वेगळी, रोटरी इंजिन, पिस्टनच नाही, रोटरच्या टोकाला पट्ट्या असतात आणि त्या झिजतात. तक्रारी इतक्या आल्या की माझदानं अमेरिकेत इंजिनाची वॉरंटी 8 वर्षं किंवा 1,00,000 मैलांपर्यंत वाढवली. या गाडीत मूळ न उघडलेलं इंजिन म्हणजे घेणाऱ्याला धास्ती, आणि रीबिल्ड केलेलं, गरम इंजिनावर प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचं कॉम्प्रेशन मोजून लिहिलेलं इंजिन म्हणजे दिलासा. तिथं रीबिल्ड खरोखर किंमत वाढवतो.

जुन्या एअर-कूल्ड 911 सारख्या जपून ठेवायच्या गाड्यांत आणखी एक गोष्ट, तिथं मूळ नंबरची क्रँककेस तीच राहिली पाहिजे. तीच केस ठेवून आतलं सगळं नवं केलं तर चालतं, दुसऱ्या गाडीचं इंजिन आणून टाकलं तर किंमत पडते. आपल्याकडं तर आरसीवर इंजिन नंबर छापलेला असतो, ब्लॉक बदलला आणि आरटीओत नोंद केली नाही तर ट्रान्सफरला अडचण, इन्शुरन्सला अडचण. म्हणून कुठलीही गाडी असो, टॉर्च घेऊन नंबर आधी जुळवायचा.

इंजिन का उघडलं याला मी इतकं महत्त्व देतो त्याचं कारण साधं आहे. पावसात पाण्यात घातल्यावर इंजिनानं पाणी ओढलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, मग नुसता एक रॉड बदलून गाडी चालू केलीय की बाकीचेही सगळे मोजलेत हे महत्त्वाचं. गरम होऊन बंद पडली असेल तर हेड आणि ब्लॉकची सपाटी मोजलीय का. ऑईल संपून जाम झाली असेल तर बेअरिंगचा भुगा ऑईल कूलरमध्ये बसलेला असतो, कूलर बदलला नसेल तर तोच भुगा नव्या बेअरिंगा खातो. कारण माहीत नसेल तर इलाज बरोबर झाला का हे कसं सांगणार?

भाच्यानं शोधलेली गाडी म्हणजे 2007 ची केमन एस, 3.4 लिटर, गोवा पासिंग. चोर्ल्यातून म्हापशाला गेलो. मालकांना आदल्या दिवशीच विनंती केली होती की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका, आणि त्या भल्या माणसानं तसंच केलं होतं. गार इंजिन चालू केलं तेव्हा टकटक नाही, निळा धूर नाही, सायलेन्सरच्या आत बोट फिरवलं तर कोरडी काजळी, तेलकट नाही. ऑईल प्रेशर व्यवस्थित. कॉम्प्युटर लावून इंजिन जास्त आरपीएमला गेल्याची नोंद बघितली, या गाड्यांत ती 1 ते 6 अशा पायऱ्यांत साठवलेली असते, वरच्या, म्हणजे धोक्याच्या, पायऱ्या रिकाम्या होत्या. गाडी चांगली होती हो, गिअर टाकताना हाताला कळत होतं की गाडी माणसानं प्रेमानं वापरलीय.

मग फाईल उघडली. एक बिल, त्यावर लिहिलेलं: इंजिन ओव्हरहॉलिंग कम्प्लीट, सामानाचे एवढे, मजुरीचे एवढे. झालं. कुठला सिलिंडर खराब होता, पिस्टन कुठले घातले, क्लिअरन्स किती ठेवला, काही नाही. मालक तोंडी सांगत होते की ऑईल खायला लागली होती, थंडीत आवाज यायचा, उघडल्यावर एका सिलिंडरला ओरखडे निघाले. हे अगदी पटण्यासारखं, कारण 3.4 च्या या इंजिनात बोअरला ओरखडे पडायची खोड प्रसिद्ध आहे आणि बहुतेक वेळा इंजिनाच्या दुसऱ्या बाजूच्या तीन सिलिंडरांत, सहाव्यात विशेष. मी विचारलं, मग बोअरचं काय केलं? म्हणाले, "लायनर घातले. ब्लॉक बेळगावला पाठवला होता."

बेळगावला कुणाकडं म्हणून विचारलं तर आमच्याच उद्यमबागेतलं, माझ्या शेडपासून चालत जाण्यासारखं शॉप निघालं. गोव्याच्या गॅरेजवाल्यांची मशिनिंगची कामं आमच्याकडं येतात यात नवल काहीच नाही. ज्या गावात 1888 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचं दुकान टाकलं, ज्याच्या फाउंड्र्यांत देशभरच्या इंजिनांचे ब्लॉक आणि हेड ओतले जातात, तिथं बोअर मारायला माणूस मिळणार नाही तर कुठं मिळणार.

परत आल्यावर भाच्याला घेऊन मेस्त्रींकडं गेलो. वयस्कर माणूस, घरी कन्नड, शॉपमध्ये दोन्ही भाषा. भाच्यानं नमस्कार करून विचारलं, "अण्णा, गोव्याहून एक पोर्शेचा ब्लॉक आला होता, आठवतंय काय?" मेस्त्री म्हणाले, "आठवायला काय झालं, सहा लायनर घातलेत की त्याला. सहावा लई खराब होता." आणि टूलच्या कपाटातनं एक वही काढली. कडा ऑईलनं पिवळ्या पडलेल्या, पुठ्ठा सुटलेला. पान उलटत उलटत त्या ब्लॉकवर आले.

ते पान मी नीट वाचलं. वर तारीख. खाली सहा ओळी, एकेका बोअरची एकेक ओळ, प्रत्येकात सहा आकडे. वर, मध्ये, खाली, आणि तिन्ही ठिकाणी आडवं-उभं. बोअर गेजचा डायल 96 मिलिमीटरच्या मास्टर रिंगवर शून्य करून मग प्रत्येक बोअरमध्ये गेज घालून हलकं मागं-पुढं डोलवायचं, काटा जिथं उलटा फिरतो तो आकडा लिहायचा, असं छत्तीस वेळा. छत्तीस आकड्यांत सगळ्यात मोठा फरक 8 मायक्रॉनचा. शेजारी पिस्टनच्या स्कर्टची, म्हणजे खालच्या घेराची मापं, आणि पिस्टनपुढं लिहिलेलं, नवे, लोखंडी लायनरवाले. हे मला हवं होतंच, कारण या इंजिनाच्या मूळ पिस्टनच्या स्कर्टवर खास कोटिंग असतं, ते त्या सिलिकॉनवाल्या ॲल्युमिनियमच्या बोअरशी जमावं म्हणून, आणि बोअरच लोखंडाचा केला तर पिस्टनही त्याला साजेसा पाहिजे. ॲल्युमिनियमचा ब्लॉक लोखंडी लायनरपेक्षा जास्त फुगतो, म्हणून लायनर किती टाइट बसवला तेही बघावं लागतं, तेही खाली लिहिलेलं होतं. त्या पानावर एक खाडाखोड नाही.

मला तिथं बोलवेना काही वेळ. एवढं काम, एवढी निगुतीनं घेतलेली मापं, आणि ती गाडीच्या फाईलमध्ये नाहीत, वहीत पडून आहेत. त्या कामाचे मेस्त्रींना जे पैसे मिळाले ते मालकाच्या एकूण बिलात शोधावे लागतील इतके थोडे, आणि मालक वर जे मागत होता त्याला आधार द्यायची ताकद फक्त त्या पानात होती. आमच्याच जिल्ह्यात हायवेला लागून हत्तरगीला विमानाचे भाग बनवणारं एसईझेड आहे. तिथं भाग बाहेर पडतो तो तपासणीचा रिपोर्ट घेऊनच, धातू कुठल्या लॉटचा, माप काय आलं, कुणी मोजलं, तारीख, सही. त्याशिवाय घेणारा तो भाग हातात धरत नाही. मोजणारी पोरं कुठली? बेळगाव, हुक्केरी, चिकोडी, गोकाकची. उद्यमबागेत आहेत तीच घरं, तेच हात, मायक्रोमीटरही त्याच कंपनीचे. फरक एवढाच की तिकडं मोजलेलं लिहून मालासोबत जातं आणि इकडं मोजलेलं कपाटात राहतं. स्पोर्ट्स कारच्या बाजारात बेळगावचं काम म्हटल्यावर लोक नाक मुरडतात, कोइमतूरला किंवा परदेशात पाठवायला पाहिजे होतं म्हणतात, आणि आमच्याकडं दाखवायला कागद नसल्यामुळं त्यांच्यापुढं काही बोलता येत नाही. मला याचा मनापासून त्रास होतो. काम हलकं असतं तर वाईट वाटलं नसतं.

मेस्त्रींना म्हटलं, हे सगळं लेटरहेडवर उतरवून सही करून द्याल का, गाडीच्या फाईलमध्ये लावतो. त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "देतो की. खरं खाली एक ओळ घालणार. माप माझं, फिटिंग माझं न्हवं." मला ती ओळ फार आवडली. बोअर कितीही सरस मारला तरी पुढं रिंगांचा गॅप, बोल्टचा टॉर्क म्हणजे ते किती जोरानं आवळले, स्वच्छता हे जोडणाऱ्याच्या हातात असतं, आणि कुठं आपलं काम संपलं हे सांगणाऱ्याच्या मापावर विश्वास बसतो. म्हणून मग इंजिन जोडणाऱ्या गॅरेजवाल्यालाही फोन लावला. क्रँककेस उकललीच होती, तर आयएमएसचं बेअरिंग बघितलं का? तो म्हणाला बघितलं, चांगलं होतं, बाहेरचं सील काढून बसवलं, म्हणजे ऑईल आत जाऊन बेअरिंगला वंगण मिळत राहील. असं करतात, बरोबर आहे. फोटो काढलाय काय म्हटलं तर नाही. टॉर्कचा कागद? नाही.

यावर भाव ठरला. मापाचं पान आलं म्हणून भाच्यानं मालकाच्या वाढीव मागणीतली निम्मी रक्कम कबूल केली, बेअरिंगचा फोटो नाही म्हणून उरलेली निम्मी धरली नाही. मालकांनाही ते पटलं, उलट त्यांनी त्या पानाची एक झेरॉक्स स्वतःसाठी मागून घेतली. इंजिन नंबर आरसीशी जुळत होता. एनओसी आणि कर्नाटकचा रोड टॅक्स हा वेगळाच डोंगर, गोवा पासिंगची गाडी स्वस्त वाटते ती याच्यामुळं, तो आकडा भाच्यानं आधीच हिशोबात धरलेला होता म्हणून बरं.

निघताना मेस्त्रींना विचारलं, पुढच्या कामापासून दोन प्रती काढाल का, एक वहीत, एक गिऱ्हाइकाला? म्हणाले, "काढतो, खरं रकाने मारलेला फॉर्म तुम्ही छापून द्या. मला लिहायला वेळ नसतो, आकडे टाकायला असतो." तो फॉर्म मी छापून घेतला. सिलिंडर नंबर, वर-मध्ये-खाली, आडवं-उभं, पिस्टनचं माप, क्लिअरन्स, जुन्या बोअरची अवस्था, इंजिन नंबर, किलोमीटर, तारीख, सही, आणि खाली मेस्त्रींची ती ओळ. उद्यमबागेत आणखी तीन-चार शॉपवाल्यांनी मागून नेलाय. कोल्हापूरच्या शिरोलीकडच्या किंवा गोव्याच्या कुणाला हवा असेल तर कळवा, पाठवून देतो.